बातमी नाइटच्या मावशीपर्यंत पोचायला हवी : रुग्णालयाचं प्रशासन नव्याने सांभाळणाऱ्यांसाठी

रुग्णालयाची जबाबदारी हातात आली त्या पहिल्याच महिन्यात मी एक नोटीस काढली होती. शनिवारी दुपारी, इंग्रजीत, ओपीडीसमोरच्या फलकावर. शीर्षक होतं ‘रॅशनलायझेशन ऑफ हाउसकीपिंग मॅनपॉवर’. आतली गोष्ट साधी होती : कुठल्या वॉर्डाला सफाई आणि मदतीसाठी किती मावश्या आणि किती मामा, याची फेरवाटणी. एकाचीही नोकरी जाणार नव्हती. पण कुणीतरी त्यातला ‘मॅनपॉवर’ एवढाच शब्द वाचला, दुसऱ्याने त्याला ‘कमी करणार’ जोडलं आणि संध्याकाळपर्यंत सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांमध्ये बातमी गेली की वीस जणांना घरी बसवणार. रविवारी रात्री चार मावश्या कामावर आल्याच नाहीत. सिझर झालेली एक बाई ओल्या चादरीवर पडून होती. पहाटे तीन वाजता स्टाफ सिस्टरने एकटीने तिला कुशीवर वळवलं, अर्धी चादर गुंडाळली, पलीकडे जाऊन पुन्हा वळवलं आणि चादर बदलली. टाक्यांना धक्का लागू नये म्हणून त्या सिस्टरचा डावा हात सारखा त्या बाईच्या पोटाशी होता. मी सोमवारी सकाळी गेले तेव्हा तिने मला फक्त एवढंच विचारलं, “मॅडम, आम्हाला आधी सांगितलं असतं तर?”

त्याआधी सतरा वर्षं मी स्वतः वॉर्डात काढली होती. मला कळायला हवं होतं. तेव्हापासून मी एकच कसोटी धरून चालते : रात्रपाळीच्या मावशीला बदल नीट कळला असेल तरच तो रुग्णालयाला सांगून झाला, असं मानायचं. सोलापुरातल्या एखाद्या लहान-मोठ्या रुग्णालयात तुम्ही नव्याने अधीक्षक, मेट्रन (मुख्य परिचारिका) किंवा प्रशासन अधिकारी म्हणून बसला असाल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

पहिली पायरी : कागद हातात घेण्याआधी चार प्रश्न

बदल कुठलाही असो, ऐकणाऱ्याच्या मनात चार गोष्टी आधी येतात : पगार, पाळी, सुट्टी आणि जागा. नवीन सॉफ्टवेअर येणार म्हटलं तरी रेकॉर्ड रूममधला माणूस मनात हेच म्हणतो की आता केसपेपर लिहायचे नाहीत, मग मला कुठे टाकणार? तेव्हा या चार प्रश्नांची उत्तरं एका कोऱ्या कागदावर आधी स्वतःसाठी लिहा. ज्याचं उत्तर ‘काही बदल नाही’ असं असेल तेही लिहा. नोटिशीतलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य पुष्कळदा तेच असतं.

मग त्या बदलाने कुणाचा दिवस खरोखर बदलतो, त्यांची यादी करा. पदांची नको, माणसांची करा. सकाळची पाळी तासभर अलीकडे आणायची तर स्टाफ सिस्टरपेक्षा मावशीचा दिवस जास्त बदलतो, आणि तिच्याइतकाच कॅन्टीनवाल्याचा आणि गेटवरच्या वॉचमनचाही. यादीत वॉचमन नसेल तर नव्या वेळेच्या पहिल्या सकाळी गेट बंद सापडेल. हे मी पाहिलेलं आहे.

दुसरी पायरी : कायद्याची तारीख

कामाचे तास, पाळ्या, वेतन, रजा यांत बदल करायचा असेल तर तो आज ठरवून उद्या लागू करता येत नाही. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ खाली २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही २१ दिवसांची अट कायम आहे. धर्मादाय संस्थेच्या रुग्णालयाला तरतुदी वेगळ्या लागू होऊ शकतात, म्हणून आपल्या कामगार सल्लागाराला एक फोन करा. पण कायदा लागू असो-नसो, मी तीन आठवडे देतेच. घरात लहान मूल असलेल्या बाईला शाळेच्या रिक्षावाल्याची वेळ बदलून घ्यायला तेवढे दिवस लागतात.

तिसरी पायरी : तारीख निवडताना गावाचं पंचांग बघा

बाहेरून आलेले अधिकारी इथे हमखास चुकतात.

जानेवारीत मकर संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. तैलाभिषेक, अक्षता, होम असे पाठोपाठचे दिवस असतात, नंदीध्वज ६८ लिंगांच्या दर्शनाला निघतात आणि ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या नंदीध्वज पेलण्याचा मान आहे ते ब्रदर (पुरुष नर्स) आणि मामा त्या दिवसांत सुट्टी मागणारच. त्या आठवड्यात नवी ड्यूटी लिस्ट लागू करणं म्हणजे स्वतःहून भांडण ओढवून घेणं. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर जिल्हाभरची आरोग्य यंत्रणा गुंतलेली असते आणि आपल्याकडचेही काहीजण दिंडीतल्या सेवेला जातात. रमजानमध्ये संध्याकाळच्या पाळीला इफ्तारची सोय लागते. आणि एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा दुपारी दोनला ज्यांना चालत किंवा शेअर रिक्षाने यायचं आहे त्यांच्या पाळीत ढवळाढवळ करू नका.

आणखी एक गोष्ट कुठल्याच कॅलेंडरवर नसते : पाणी. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं, भागाभागाची वेळ वेगळी असते. ज्या घरी पाणी भरायला एकटी बाईच आहे, तिच्यासाठी पाण्याचा दिवस हा वेगळाच वार असतो. पाळीची वेळ ठरवताना याचा विचार करणारा अधिकारी मला फार थोडा भेटला. मीही पहिल्यांदा केला नव्हता. त्याबद्दल शेवटी सांगते.

चौथी पायरी : आधी कुणाला, मग कुणाला

क्रम असा ठेवा. सर्वांत आधी मेट्रन, प्रत्येक वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, नाइट सुपरवायझर आणि मामा-मावश्यांमधली दोन जुनी माणसं. संघटना असेल तर तिचा प्रतिनिधी याच बैठकीत हवा, नंतर नको. या मंडळींना दारामागे बसवून नीट सांगा, त्यांच्या शंका ऐका, मसुद्यात दुरुस्ती करायची तर इथेच करा. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगा. मधे चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ गेला तर बातमी तुमच्या हातात राहत नाही. कॅन्टीनमध्ये चहाचा कप भरेपर्यंत ती तीनदा बदललेली असते.

ज्याच्यावर बदल थेट येतो त्याला ती बातमी भर बैठकीत पहिल्यांदा ऐकायला लावू नका. समजा रेकॉर्ड रूम बंद करून तिथल्या दोघांना बिलिंगला पाठवायचं आहे. त्या दोघांना आदल्या दिवशी स्वतंत्र बोलवा, बसायला खुर्ची द्या, सांगा आणि गप्प राहा. त्यांना बोलू द्या.

बाहेरून येणाऱ्या कन्सल्टंट डॉक्टरांना ग्रुपवरचा मेसेज पुरत नाही. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, पहिली केस लागण्याआधी कपडे बदलायच्या खोलीत दोन मिनिटं गाठा. डॉक्टरांना बदल माहीत नसला की ते वॉर्डात सिस्टरला विचारतात, “हे कुणी ठरवलं?” आणि विनाकारण ती बिचारी कात्रीत सापडते.

पाचवी पायरी : नोटीस

‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, व्यवस्थापनाच्या निर्णयान्वये’ अशी सुरुवात मी सोडून दिली आहे. ती वाचताना माणूस तिसऱ्या शब्दापाशीच थांबतो. काय बदलतं, कधीपासून, कुणासाठी, का, काय बदलत नाही, आणि विचारायचं कुणाला, एवढंच एका पानावर मावायला हवं. मराठीत, मोठ्या अक्षरात. मी वापरलेला एक नमुना देते.

‘१ ऑगस्टपासून सर्व वॉर्डांतल्या मावश्या आणि मामांच्या पाळ्या एक तास अलीकडे येतील. सकाळ ७ ते १, दुपार १ ते ७, रात्र ७ ते ७. कारण : डॉक्टरांचा राउंड सकाळी ८ ला सुरू होतो आणि तोपर्यंत वॉर्डाची सफाई आणि चादरी बदलणं पूर्ण होत नाही. पेशंटच्या खाटेभोवती एकाच वेळी झाडू आणि डॉक्टर दोन्ही असतात. पगारात बदल नाही. साप्ताहिक सुट्टीत बदल नाही. कुणालाही कमी केलं जाणार नाही. सिस्टर आणि ब्रदर यांच्या पाळ्या आहेत तशाच राहतील. अडचण असेल तर १५ जुलैपर्यंत मेट्रन ऑफिसमधल्या वहीत लिहा किंवा दुपारी ३ ते ४ मला येऊन भेटा. २२ जुलैला उत्तर मिळेल. (८ जुलै, सकाळी १० वा.)’

तारखेबरोबर वेळही लिहिलेली तुमच्या लक्षात आली असेल. ही सवय २०२० मधली. कोविडच्या दिवसांत सूचना रोज बदलायच्या, कधी दिवसातून दोनदा. एकाच भिंतीवर दोन कागद, दोन्हींवर तारीख एकच आणि मजकूर उलटा, असं झालं होतं. त्यावरून पीपीई किट कुठे उतरवायचं याचाच गोंधळ उडाला. तेव्हापासून नियम : जुना कागद काढल्याशिवाय नवा लावायचा नाही, आणि कागद लावणाऱ्यानेच जुना काढायचा.

नोटीस लावायच्या जागाही सांगते, कारण ओपीडीसमोरचा फलक पेशंटचे नातेवाईक वाचतात, कर्मचारी वाचत नाहीत. मावश्यांच्या कपडे बदलायच्या खोलीतला आरसा, हजेरीच्या मशिनशेजारची भिंत, ड्यूटी रूमच्या दाराची आतली बाजू. या तीन जागा पुरतात.

सहावी पायरी : तोंडाने सांगणं

ही पायरी सगळ्यात मोठी आहे आणि हीच सगळ्यात जास्त टाळली जाते.

चोवीस तासांत तीनदा ओव्हर होते, म्हणजे जाणारी पाळी येणाऱ्या पाळीला पेशंटची माहिती देऊन काम सोपवते : सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. तिन्ही वेळा जाणारी आणि येणारी पाळी काही मिनिटं एकत्र असते. तुमचा वेळ तोच. पाच ते सात मिनिटं, उभ्यानेच, आणि पेशंटची ओव्हर संपल्यावर. पेशंटची ओव्हर थांबवून कधीही घोषणा करू नका. सलाइन किती उरलंय, रात्री ताप कुणाला होता, हे आधी.

सकाळची आणि दुपारची वेळ मेट्रनवर सोपवली तरी चालेल. रात्री आठची तुम्ही स्वतः घ्या. रात्रपाळीवाल्यांना साहेब कधी दिसतच नाहीत. त्यांना सगळं दुसऱ्याच्या तोंडून कळतं.

आणि भाषा. सोलापुरात वॉर्डात उभं राहिलात तर मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू-हिंदी कानावर येते. विणकर घरांतल्या कितीतरी मावश्या मराठी बोलतात, पण पैशाची गोष्ट आली की मनातल्या मनात तेलुगूत हिशेब करतात. पाळ्यांचा तो बदल मी रात्रीच्या ओव्हरला सांगितला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात एक वयस्कर मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. मी पुढच्या वॉर्डाकडे वळले तशी ती शेजारच्या मुलीला हळूच म्हणाली, “जीतम तग्गुतुंदा?” पगार कमी होणार का? मी दोनदा सांगितलं होतं की होणार नाही. पण मी ते माझ्या भाषेत सांगितलं होतं. त्या मुलीलाच मग मी पुढे उभं केलं आणि पूर्ण नोटीस तेलुगूत सांगायला लावली. मावशीने पदर सोडला आणि पहिला खरा प्रश्न विचारला.

तेव्हा प्रत्येक पाळीत एक तेलुगू आणि एक कन्नड बोलणारं माणूस आधीच हेरून ठेवा. त्यांना नोटीस आदल्या दिवशी द्या. जमलेल्यांसमोर ऐनवेळी भाषांतर करायला लावलं तर अर्थ निसटतो.

सांगून झाल्यावर “कळलं का?” असं विचारू नका. उत्तर ‘हो’च येतं. “एक तारखेला तुमची पाळी किती वाजता?” असं एकीला विचारा. चुकली तर तिला रागवू नका; आपल्या सांगण्यातच काहीतरी राहून गेलंय असं समजा आणि पुन्हा सांगा.

काही बदल दाखवावे लागतात

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम आले तेव्हा फक्त परिपत्रक फिरवलेल्या ठिकाणी पुढे कित्येक दिवस लाल पिशवीत सुया सापडत होत्या. इथे कागदाचा उपयोग नाही. चार डबे वॉर्डात मांडा, हातात वस्तू द्या आणि टाकायला सांगा : रक्ताळलेलं ड्रेसिंग पिवळ्यात, सलाइनचा सेट लाल पिशवीत, सुई पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेची व्हायल निळ्यात. नियमांप्रमाणे रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा हे प्रशिक्षण द्यायचंच असतं, आणि सुई टोचण्याच्या धोक्यामुळे कावीळ-बीच्या लसीचा प्रश्नही येतो. मग तोही त्याच बैठकीत सोडवा. लस कुणाची राहिली आहे, ते तिथेच विचारून यादी करा.

सरकारी बातमी : आधी काउंटर

काही बदल आपण ठरवत नाही, शासन ठरवतं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यात सोलापूर होतं. आज तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, पण प्रत्यक्ष लाभ १ जुलै २०२४ पासून मिळू लागला. मधल्या वर्षभरात नातेवाईक टीव्हीवर ऐकून यायचे आणि काउंटरवरच्या मुलीशी वाद घालायचे. तिला कुणी सांगितलेलंच नसायचं की निर्णय जाहीर झाला आहे, लागू झालेला नाही.

म्हणून अशा बातमीसाठी क्रम उलटा करा. आधी रिसेप्शन, बिलिंग, आरोग्यमित्र (योजनेसाठी रुग्णालयात बसणारा मदतनीस) आणि कॅज्युअल्टीचा आरएमओ (निवासी डॉक्टर), मग बाकी सगळे. काउंटरच्या काचेच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी : आज काय लागू आहे, काय अजून नाही, आणि कुठली कागदपत्रं लागतात. शेतातला माणूस अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून एसटीने पेशंट घेऊन येतो. त्याला चुकीचं सांगून परत पाठवलं तर तो दिवस त्याला परत मिळत नाही.

व्हॉट्सअॅप

तोंडी सांगितल्यानंतरच टाका, आधी कधीही नाही. नोटिशीचा सरळ फोटो आणि खाली एक ओळ. वाचता न येणाऱ्यांसाठी स्वतःच्या आवाजात एक मिनिटाचा ऑडिओ. तो माझ्या अनुभवात फोटोपेक्षा जास्त ऐकला जातो. सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा, तिथे फक्त अॅडमिन लिहील. पेशंटचं नाव, फोटो, रिपोर्ट त्यात येणार नाही हे पहिल्याच दिवशी बजावा.

वाईट बातमी

पगार उशिरा होणार असेल तर पगाराच्या तारखेच्या आधी सांगा. सात तारखेला बँकेचा मेसेज आला नाही म्हणून बचत गटाचा हप्ता चुकलेल्या बाईला नऊ तारखेला कारण सांगण्यात अर्थ नसतो. नेमकी कुठली तारीख, ती सांगा. नक्की माहीत नसेल तर ‘गुरुवारी चार वाजता पुन्हा सांगते’ म्हणा आणि गुरुवारी चार वाजता तिथे उभ्या राहा, सांगण्यासारखं काही नसलं तरीही.

नातेवाइकांनी कर्मचाऱ्यावर हात उचलला, सहकारी गेला, एखादा वॉर्ड बंद होतोय : अशा वेळी नोटिशीची वाट बघायची नसते. त्याच पाळीत, त्याच मजल्यावर जाऊन सांगायचं. ज्याला लागलं त्याच्या घरी कुणी कळवलं, डॉक्टरांनी काय सांगितलं, पोलिसांत तक्रार कोण देणार, हे तिन्ही आधी ठरवून मग बोला. लैंगिक छळाच्या तक्रारीची गोष्ट मात्र सगळ्यांसमोर काढायची नाही. ती अंतर्गत समितीकडे. सगळ्यांना एवढंच माहीत हवं की समितीत कोण आहेत.

शेवटची पायरी : रात्रीची फेरी आणि दुसरी नोटीस

बदल लागू झाल्यावर तिसऱ्या रात्री वॉर्डांतून एक फेरी मारा. हातात फाइल नको. चहाचा थर्मास असला तर उत्तम. विचारा : काय जमतंय, काय नाही.

पाळ्यांच्या त्या बदलाबद्दल वहीत फक्त दोन शंका आल्या होत्या, त्यांची उत्तरं मी बावीस तारखेला दिली होती आणि सगळं ठीक आहे असं मानून चालले होते. फेरीत पदरवाली मावशी भेटली. म्हणाली, “मॅडम, सात वाजता यायला काही नाही. पण पाण्याच्या दिवशी कशी येऊ? साडेसहाला नळ येतो. सून कारखान्यात. मी नसले की घरात थेंब नाही.” वहीत का लिहिलं नाही, असं मी विचारलं नाही. तिला लिहिता येत नव्हतं, आणि दुपारी तीन ते चार ती घरी झोपलेली असायची.

दुसऱ्या दिवशी इन्चार्ज सिस्टर आणि मी पाणी कुठल्या भागात कधी येतं ते मावश्यांनाच विचारत बसलो. एका जुन्या केसपेपरच्या पाठीवर जोड्या लावल्या : जुळे सोलापूरची एक, साखर पेठेतली एक, अशोक चौकाजवळची एक, विजापूर रोडवरची एक. दोघींचे पाण्याचे दिवस वेगळे येतील अशा. पंधरा तारखेला दुसरी नोटीस आरशावर लागली : ‘पाण्याच्या दिवशी जोडीदारणीशी पाळी बदलता येईल. आदल्या दिवशी इन्चार्ज सिस्टरला तोंडी सांगितलं तरी चालेल, रजिस्टरमध्ये त्या लिहून घेतील.’ खाली जोड्यांची नावं. ती नोटीस रात्री आठच्या ओव्हरला सिस्टरांसमोर त्या मावशीनेच तेलुगूत सांगितली.